शून्याचं टोक

टेपला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना माणूस लागतो. एकाने टेपची डबी धरायची, दुसऱ्याने टोकाची कडी. कडीवाला घराच्या कोपऱ्याला कडी टेकवून भिंतीला पाठ घासत उभा राहतो. डबीवाला टेप सोडत सोडत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालत जातो, ताण देतो आणि ओरडतो, "धरलं?" कडीवाल्याने ओरडून सांगायचं, "धरलं!" मग डबीवाला वाकून आकडा वाचतो. घरपट्टीच्या कार्यालयात शहर मोजायची हीच रीत होती आणि ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती.

डबीवाल्याला सगळं कार्यालय मीटर म्हणायचं आणि कडीवाल्याला शून्या, कारण टेपवर त्याच्या वाट्याला कायम शून्यच असायचं. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. मीटर सकाळी हजर झाला, शून्या दुपारी. एवढ्या भांडवलावर मीटरने जन्मभर सिनिऑरिटी गाजवली. डबी त्याची, आकडा त्याचा, सही त्याची, आणि घरमालकाकडून आलेल्या चहाचा पहिला कपही त्याचा. शून्याची काही तक्रार नसायची. शून्या म्हटलं की सगळ्यात आधी तोच हसायचा.

मीटरचं त्याच्यावर प्रेम होतं हो. आपल्याहून एक पायरी खाली असलेल्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. दोघांच्या बायका एकमेकींकडे जायच्या-यायच्या, दुखण्याखुपण्याला दोघं एकमेकांसाठी धावायचे. शून्या पायरीवर होता तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

मग कार्यालयात नव्या मॅडम आल्या. त्यांनी शहरावरून ड्रोन उडवला, हजारो फोटो काढून घेतले आणि जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक घराचा नकाशा संगणकावर असेल. नकाशातलं घर आणि पट्टीच्या वहीतलं घर यांची जोडी लावायची. दोन्ही जुळली तर घर हिरवं, बांधकाम वाढलेलं दिसलं तर पिवळं, आणि वहीत ज्याचा पत्ताच नाही ते लाल. या कामाच्या प्रशिक्षणाला कोण जाणार, असं त्यांनी विचारलं. मीटरने नाक मुरडलं.

"आपल्याला काय शिकवणार ते?" तो शून्याला म्हणाला. "तू जा. तेवढाच दोन-चार दिवस पायांना आराम."

लक्षात ठेवा, त्याने स्वतःच पाठवलं. पुढे जे जे झालं त्याचं खापर फोडायला त्याला दुसरं डोकं सापडेना, आणि तीच खरी पंचाईत झाली.

शून्या गेला आणि त्या कामात असा रमला, की परत आलाच नाही. शिकायला आलेली बाकीची मंडळी फोटोतल्या छपरावरून रेघ ओढून मोकळी व्हायची. शून्या म्हणायचा, छप्पर म्हणजे घर नव्हे, छप्पर भिंतीच्या पुढे आलेलं असतं, घरपट्टी भिंतीच्या मापावर लागते. कुठल्या घराचं छप्पर किती पुढे असेल हे तो फोटोतल्या सावलीवरून ताडायचा आणि तेवढं आत घेऊन रेघ मारायचा. मॅडमनी ते पाहिलं आणि त्याला नकाशाच्या खोलीत बसवलं. महिनाभरात लोक त्याला नकाशेसाहेब म्हणायला लागले. मीटर तेवढा शून्या म्हणत राहिला, आणि आधीपेक्षा मोठ्याने.

नकाशाची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. तिथे गारवा होता, संगणकाचे दोन पडदे होते आणि चाकांची खुर्ची होती. पडद्यांचं मीटरला काही वाटलं नाही, पण ती खुर्ची त्याच्या डोळ्यांत सलू लागली. शून्या तिच्यात बसून या टेबलावरून त्या टेबलाकडे न उठता जायचा. न उठता! ज्या माणसाला आपण उन्हातान्हात भिंतीला चिकटवून उभं केलं, तो आता उठतसुद्धा नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नाही असं पाहून मीटर तिच्यात जाऊन बसला आणि पायाने जरासा रेटा दिला. खुर्ची गेली ती थेट कपाटावर. गुडघ्याला आलेलं टेंगूळ आठवडाभर ठणकत होतं आणि कशाने आलं ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

पण खरी ठिणगी पडली ती लाल गल्लीवरून. एके दिवशी शून्या धावत आला आणि त्याने मीटरला पडद्यासमोर नेलं. "बघ तरी काय सापडलंय! लाकडाच्या वखारीमागे अख्खी गल्ली आहे रे. एकाही घराची नोंद नाही. सगळी लाल."

"कुठला वॉर्ड?" मीटरने विचारलं.

"तुझाच की," शून्या म्हणाला, अगदी निरागसपणे.

मीटरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "माझा काय? तू नव्हतास बरोबर?"

"होतो ना. पण तू जाशील तिकडे मी जायचो."

यात काही खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. त्या दिवसापासून मीटर त्याला पाण्यात पाहू लागला. शून्या मॅडमशी बोलताना हसला की मीटरला वाटायचं आपल्यावर हसला. शिपाई त्याच्यासाठी आधी चहा घेऊन गेला की मीटर चहा न पिता परत पाठवायचा, आणि मग चहावाचून त्याचंच डोकं दुखायचं.

घरीही सुटका नव्हती. "वहिनी भेटल्या होत्या," बायको भांडी पुसता पुसता सांगायची. "म्हणाल्या, भाऊजींना कक्षप्रमुख करणार आहेत. अहो, तुम्हीपण शिकून घ्या ना ते. भाऊजी शिकवतील की."

"मी? शून्याकडून?"

"मग काय झालं? ज्याच्या पोटात दुखेल त्याने ओवा मागावा. तुम्ही तर ओवाही मागत नाही, नुसते कण्हत बसता."

मग ज्या दिवशी हुकूम निघून शून्याची कायमची रवानगी नकाशाच्या खोलीत झाली, त्या दिवशी टेप मीटरच्या हाती देताना तो म्हणाला, "जपून वापर. त्या कडीच्या पट्ट्याची शिवण जरा—"

"आता तू मला टेप शिकवणार?" मीटर म्हणाला.

शून्याने टेप त्याच्या हातात ठेवली आणि तो खोलीकडे वळला. कडीला बोटभर रुंदीचा चामड्याचा पट्टा होता. टेपचं टोक आणि कडी यांच्या मध्ये तो शिवलेला होता, शून्याच्या घामाने काळा पडलेला. मीटरने आजवर तो लांबूनच पाहिला होता, कारण त्या टोकाला जायचा प्रसंगच त्याच्यावर कधी आला नव्हता. हाताला टेप कापू नये म्हणून या शेळपटाने लावून घेतलाय, असं तो धरून चालला होता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याचं लक्ष त्या पट्ट्याकडे गेलं आणि डोकंच फिरलं. टेप आपली, आणि तिच्यावर वास मात्र त्याचा! त्याने कात्री घेतली, पट्टा कापून कचऱ्यात टाकला आणि कडी सरळ टेपच्या टोकाला बांधून टाकली. टेपच्या पहिल्या मीटरवरचे आकडे रस्त्यावर घासून घासून केव्हाच पुसले गेले होते. टोक पांढरं आणि कोरं होतं. छान स्वच्छ झाली, असं त्याला वाटलं. बायकोने पट्टा कचऱ्यातून काढला. चामडं चांगलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार कधीपासून मिटत नव्हतं. तिने तो त्या दाराला बांधला.

इकडे लाल गल्लीतले लोक चिडून मॅडमकडे आले. आकाशातून काढलेलं चित्र आम्ही मानत नाही, म्हणाले. मॅडमनी दोघांना बोलावलं.

"गल्लीतली दहा घरं टेपने मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "नकाशाशी जुळली तर नकाशाच कायम, कक्षप्रमुखाचा प्रस्ताव मी पाठवते आणि टेप भांडारात जमा. नाही जुळली तर नकाशा परत पाठवू आणि तुम्ही दोघं पूर्वीसारखे वॉर्डात."

पूर्वीसारखे! त्या एका शब्दाने मीटरला जे हवं होतं ते नेमकं समोर आणून ठेवलं. त्याला ना खुर्ची हवी होती, ना पद. शून्या परत भिंतीला उभा राहिलेला हवा होता.

"मी मोजतो," तो म्हणाला.

आता कडी कोण धरणार? शिपायांवर त्याचा विश्वास नव्हता, सगळे शून्याने फोडलेत अशी त्याची खात्री होती. त्याने सुट्टीच्या दिवशी बायकोलाच बरोबर घेतलं.

"मला काय येतं त्यातलं?" ती म्हणाली.

"कडी धरायला काय यायला लागतं? शून्याला येत होतं ना!"

गल्लीत जाताच बायकोने एका हाताने कडी धरली आणि दुसऱ्या हाताने ओळखी करून घेतल्या. दुसऱ्या घरापाशी तिला बसायला पाट मिळाला, चौथ्या घरापाशी कोणाच्या सुनेचं बाळंतपण कळलं. "धरलं?" मीटर ओरडायचा. "धरलंय हो! काय ओरडताय, बहिरी आहे का मी?" असं उत्तर यायचं.

"पट्टा असता तर बरं झालं असतं," मध्येच ती म्हणाली. "ही टेप हाताला कापते."

"गप धर."

पहिल्या भिंतीला नकाशात आठ मीटर चाळीस होते, टेपवर आठ सत्तर आले. मीटरने डोळे चोळून पुन्हा वाचलं. दुसरी भिंत, अकरा दहा. टेपवर अकरा चाळीस. तिसऱ्या भिंतीला त्याच्या पायांत स्प्रिंगा बसल्या. सगळा नकाशा तोकडा! दहाच्या दहा घरं चुकलेली! प्रत्येक भिंत एकाच मापाने कशी काय चुकते, हा प्रश्न चौथीतल्या पोरालाही पडला असता. मीटरला पडला नाही. ज्याला शेजाऱ्याचं घर जळताना बघायचं असतं तो धूर कुठून येतोय ते बघत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर वजन ठेवावं तशी टेप ठेवली. मॅडमनी वाचलं आणि कागद शून्याकडे सरकवला. शून्याचं बोट एकेका आकड्यावरून खाली उतरत गेलं आणि मध्येच थांबलं.

"टेप बघू," तो म्हणाला.

त्याने टेपचं टोक हातात घेतलं, कडीवरून अंगठा फिरवला आणि मीटरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीटरला वाटलं, हबकला! मीटरच्या जिवाला इतका थंडावा वाटला, की नकाशाची खोलीही तेवढी गार नसेल.

"मॅडम, मला आठवडाभर द्या," शून्या म्हणाला. "पुन्हा तपासावं लागेल."

"म्हणजे चूक नकाशात आहे?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

प्रस्तावाची फाइल मॅडमनी बाजूला ठेवली. कॉरिडॉरमध्ये मीटरने शून्याच्या पाठीवर थाप मारली. "ये आता परत. तुझी भिंत वाट बघतेय." शून्या नुसता आपल्या खोलीकडे चालू लागला, आणि मीटरला त्याचा थोडा रागच आला. माणसाने हरताना जरा तरी हातपाय हलवावेत.

तो आठवडा मीटर हवेत चालत होता. घरी शीळ वाजत होती. त्या भरात त्याने बायकोची जुनी मागणी मान्य केली आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात फळी बसवायला सुताराला बोलावलं. सुताराने खिशातून आपली छोटी टेप काढून कोनाडा मोजायला घेतला.

"बाजूला व्हा," मीटर म्हणाला. "आयुष्यभर अख्खं शहर मोजलंय मी."

बायकोने कडी धरली, त्याने आकडा वाचला. सुतार चुळबुळला. "साहेब, माझ्यावर कमी येतंय."

"मग टेप बदल तुझी."

गिऱ्हाईक म्हणेल ते करावं आणि आपण मूग गिळावेत, हे सुताराला धंद्याने शिकवलं होतं. दोन दिवसांनी तो साहेबांच्या मापाची फळी घेऊन आला. फळी कोनाड्यात जाईना. सरळ लावली, तिरकी लावली, मीटरने खांदा लावून ढकलली. फळी एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने वीतभराहून जास्त बाहेर उरायची. सुतार छताकडे बघत उभा राहिला. हसू दाबायला छत बरं पडतं.

"माझी टेप तुम्हाला पटत नाही, तर किती कापायचं त्या मापाला दोरी द्या एखादी," शेवटी तो म्हणाला.

बायकोने कपाटाच्या दाराचा पट्टा सोडून दिला. सुताराने तो बाहेर उरलेल्या फळीवर धरला. एक टोक भिंतीच्या कडेला, दुसरं टोक फळीच्या कडेला.

"अगं बाई," बायको म्हणाली, "बरोब्बर पट्ट्याएवढीच जास्त झाली की!"

मीटर हसायला गेला आणि त्याची नजर पट्ट्यावर खिळली. त्याने सुताराच्या खिशातली छोटी टेप जवळजवळ हिसकावली. आपली टेप जमिनीवर पसरली आणि कोऱ्या टोकापासून, जिथे पहिला वाचता येणारा ‘एक मीटर’चा आकडा होता तिथपर्यंत मोजलं. सत्तर सेंटीमीटर. पुन्हा मोजलं. सत्तरच. टेपची पहिली तीस सेंटीमीटर कधीकाळी तुटून गेली होती. कोणीतरी तेवढ्याच लांबीचा पट्टा तिथे शिवून ती जागा भरून काढली होती. आणि त्याने तो पट्टा कात्रीने कापून कचऱ्यात टाकला होता.

सुतार फळी कापायला बाहेर गेला. बायकोने टेपचं कोरं टोक उचलून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी गल्लीत आपण जे मोजलं..."

"गप्प बस."

"आणि भाऊजींना हे—"

"गप्प बस म्हटलं ना!"

शून्याला तिथल्या तिथे कळलं होतं. कडीवरून अंगठा फिरवला तेव्हाच. मॅडमसमोर एक वाक्य बोलला असता तर मीटर तोंडघशी पडला असता, आणि ते वाक्य त्याने गिळलं. मीटरला चूक केल्याची शरम वाटली, नाही असं नाही. पण तिच्याहून मोठी आग दुसरीच होती. नकाशा त्याला येतो, खुर्ची त्याची, साहेबपण त्याचं, आणि वर हा मोठेपणाही त्याचाच? माझ्या वाट्याला ठेवलं काय याने? इतका जळफळाट त्याचा खुर्ची पाहूनही झाला नव्हता.

आणि तोंड बंद ठेवणं किती सोपं होतं! आठवडा उद्या संपत होता. फळी सुताराने चुकीची कापली म्हणायचं, टेप भिंतीवर टांगायची. नकाशा परत जाईल, शून्या परत येईल. संध्याकाळभर तो हे घोळवत बसला. बायकोने त्याला जेवायला वाढलं, मग सुईदोरा घेतला आणि त्याच्या समोरच बसून पट्टा टेपला शिवायला लागली. ती बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं.

सकाळी तो नकाशाच्या खोलीत गेला. शून्या आधीच आला होता. मीटरने टेप टेबलावर ठेवली. पट्टा पाहून शून्याने नुसता सुस्कारा सोडला.

"कधी शिवला होतास?" मीटरने विचारलं.

"फार वर्षं झाली. मी टेप रस्त्यावर पसरून ठेवली होती आणि वरून रोलर गेला. टोक तुटलं. टेप तुझ्या नावावर, चौकशी तुझी लागली असती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला तोंड उघडलं की तू म्हणायचास, तू कडी धर."

मीटर खिडकीबाहेर बघत राहिला. "आणि परवा? मॅडमसमोर का गप्प बसलास?"

"टेप तुटकी आहे म्हटलं असतं तर लोकांनी आजवरचे सगळे आकडे खोटे धरले असते. ते आकडे वाचले तू असशील, धरले मी आहेत. एकूण एक बरोबर आहेत ते." शून्याचा आवाज चढला. असा चढलेला मीटरने कधी ऐकला नव्हता. "म्हटलं, याच्या डोक्यात कधीतरी प्रकाश पडेल. पण आज नसतास आलास ना, तर आज मी सांगणारच होतो. मॅडमना, सगळ्यांना, तुझ्या तोंडावर. मी काही संत नाही. ही खुर्ची मलाही आवडते."

हे ऐकून मीटरला एकदम बरं वाटलं. शून्यालाही हाव आहे म्हटल्यावर त्याच्याजवळ बसता येत होतं. तो त्या गार खोलीत थोडा वेळ बसला आणि मग स्वतः उठून मॅडमकडे गेला. टेपमध्ये खोट होती, ती माझ्या हातून झाली, पुन्हा मोजावं लागेल, एवढं त्याने सांगितलं. मॅडम त्याच्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी येते बरोबर."

दुपारी लाल गल्लीत सगळी गल्ली दारात उभी होती. मीटर सवयीने डबी घेऊन पुढे झाला, तसा पहिल्या घरचा म्हातारा आडवा आला.

"हे नकोत," तो म्हणाला. "मागच्या खेपेला हेच वाचून गेले, आता म्हणे आकडा चुकला. वाचायला दुसरा माणूस द्या."

गल्लीने माना डोलावल्या. मॅडमनी मीटरकडे पाहिलं. भांडावं तर कोणाशी? त्याने डबी शून्याच्या हातात दिली आणि पट्टा धरून कोपऱ्याकडे चालत गेला. नोकरीत पहिल्यांदाच तो त्या बाजूला चालला होता, आणि पाय कोणाचे तरी उसने घेतल्यासारखे पडत होते.

भिंतीला पाठ लावली तेव्हा ऊन थेट डोळ्यांत आलं. इथून आकडा दिसत नाही. इथून फक्त लांब जाणाऱ्या माणसाची पाठ दिसते आणि वर पाहिलं तर छपराची कड, डोक्यावरून पुढे आलेली, हातभर. छप्पर भिंतीच्या किती पुढे असतं ते या टोकालाच उभं राहून कळतं. म्हणजे शून्या सगळं इथे शिकला होता. आपणच त्याला इथे उभं केलं होतं, वर्षानुवर्षं, घरामागून घर.

पट्टा मुठीत नीट बसला. आणि तेव्हा मीटरला आणखी एक गोष्ट कळली, की या टोकाकडे कोणीच बघत नाही. मॅडम आकड्याकडे बघत होत्या, म्हातारा आकड्याकडे बघत होता, सगळी गल्ली त्या टोकाला जमली होती. कडी विटेवरून चार बोटं पुढे सरकवली असती तर आकडा तेवढा कमी आला असता, नकाशा तिथल्या तिथे मेला असता आणि ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. चार बोटं फक्त. शून्याला हे रोज करता आलं असतं. ज्या दिवशी आपण त्याला सगळ्यांसमोर वेडंवाकडं बोललो, ज्या दिवशी त्याचा चहाही आपणच पिऊन टाकला, त्या कुठल्याही दिवशी.

"धरलं?" पलीकडून शून्या ओरडला.

हा प्रश्न मीटरने जन्मभर विचारला होता. त्याचं उत्तर त्याला कधी द्यावं लागलं नव्हतं. त्याने कडी विटेच्या कडेवर अंगठ्याने इतकी घट्ट दाबली, की नख पांढरं पडलं.

"धरलं!"

टेप ताणली गेली. शून्या वाकला, मग सरळ झाला आणि त्याने आकडा वाचला. आठ चाळीस. नकाशात होता तोच. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या बाईलाही ऐकू गेला, मॅडमनी मान हलवली, म्हाताऱ्याने पुन्हा वाचा म्हटलं नाही.

आणि उन्हात डोळे बारीक करून भिंतीला चिकटलेल्या मीटरला मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आणि ते करताना त्याचं काळीज पुन्हा एकदा करपलं, की आकडा वाचायला आवाजही शून्याचाच चांगला होता.